पूजा झालेलं मशीन

"डोळ्यांत काहीही दोष नाही," सांगलीचे डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. वाईट बातमी ऐकायची तयारी करून गेले होते. दोषच नाही म्हटल्यावर उपचार करायचे कशावर?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रहिमतपूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी उसाची वजनं कॉम्प्युटरवर भरायचे. काळ्या काचेवर हिरवे आकडे उमटत. सुरुवातीला लय अप्रूप वाटलं. मग दुपारनंतर कपाळ ठणकू लागलं, मान आखडू लागली, आकडे एकमेकांत मिसळू लागले. एकदा तिनाचा आठ झाला आणि एका शेतकऱ्याच्या उसाचं वजन भलतंच चढलं. तो बापडा स्वतःच सांगायला आला, "आवं बाई, एवढा ऊस माझ्या रानात मावायचाबी न्हाई!" सगळे हसले. मी मात्र घाबरले. आपण आंधळी होणार, असं मनानं घेतलं.

आई रोज माझ्या तळपायांना काशाची वाटी घासायची. डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या झाल्या. साताऱ्यात चष्मा केला. त्यातून आकडे तेवढेच पुसट, फक्त मोठे दिसू लागले.

डॉक्टरांनी मला रडू दिलं, मग कागद पुढं केला. "तुम्ही बसता ती खोली काढून दाखवा." मी मशीन काढलं, खुर्ची काढली, खुर्चीमागं पश्चिमेची मोठी खिडकी काढली.

"हा आय स्ट्रेन," ते म्हणाले, "म्हणजे डोळ्यांना आलेला शीण. मागचा उजेड काचेवर पडतो. त्याला ग्लेअर म्हणतात, चकाकी. तुम्ही दिवसभर त्या चकाकीत आकडे शोधताय. मशीन फिरवा, खिडकी बाजूला येऊ द्या. काच नजरेच्या जरा खाली ठेवा. अधूनमधून लांबचं झाड बघा."

"फिरवता येत नाही," मी म्हणाले. "त्याची पूजा झालीय."

खरंच झाली होती. मशीन आलं तेव्हा गुरुजी बोलावून, नारळ फोडून, काम करणाऱ्याचं तोंड पूर्वेला येईल असं ते मांडलं होतं. आमचे हेडक्लार्क आण्णा दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालत. डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना सांगितलं.

"मुहूर्तावर मांडलेलं हलवायचं न्हाई, पोरी. हंगाम ऐन भरात हाय."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्हीच बसा आणि वाचून दाखवा!"

दुपारचं ऊन आत आलं होतं. आण्णा ऐटीत बसले. डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "ह्यात तर मीच दिसतोय की!" त्यांनी मागं वळून खिडकीकडं बघितलं. मग उठून म्हणाले, "उत्तरंला कुबेर असतोय. त्यो काय वाईट हाय व्हय?"

पुन्हा नारळ फुटला आणि मशीन उत्तरेला फिरलं. दुखणं एका दिवसात गेलं नाही, पण हळूहळू उतरलं. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे, आण्णांचीही. असा त्रास कुणाला होत असेल तर डोळे जरूर तपासावेत, पण खिडकी कुठं आहे तेही बघावं.

आता नीट दिसतंय, असं घरी आईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तिनं तांदळानं भरलेलं सूप माझ्यापुढं सरकवलं, निवडायला. कित्येक महिने तिनं मला तांदूळ निवडायला दिलेच नव्हते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.