लोण्याच्या रंगाचं दार

नेव्हिल पार्सलो आमच्या गावचा पोस्टमन होता. गावातल्या एकूण एक दारात त्याने पत्रं टाकली, पण 'हे दार माझं' असं म्हणणं काही त्याच्या नशिबात आलं नाही. नशीब आपलं म्हणायचं म्हणून म्हणते. खरं कारण एवढंच की तो फार सभ्य माणूस आहे. गाव त्या सभ्यपणाचं कौतुक करतं, मला मात्र त्याचा संताप येतो.

चर्चच्या मागून नदीकडे उतरणारी बेल लेन ही हॅलिंगफोर्डमधली सगळ्यात जुनी गल्ली. तिच्या तोंडाशी माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्लीतली दगडी घरं सगळी मिस लॅम्बर्नच्या मालकीची होती, आणि तिच्या वडिलांच्या काळापासून सगळ्यांची दारं गडद हिरवी. भाडेकरूने दुसरा रंग लावायचा नाही, असा दंडकच होता. तो हिरवा रंग मीच पुरवायची, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

नेव्हिल आणि बेरिल लग्न झाल्या झाल्या तिथे राहायला आले. घर दिसायला चित्रातल्यासारखं, राहायला त्रासाचं. हिवाळ्यात भिंतींना ओल यायची. स्वयंपाकघराची चौकट इतकी ठेंगणी की नेव्हिलच्या कपाळाला कायमचं टेंगूळ. घर सरकारच्या जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या यादीतलं, त्यामुळे खिडकीची काच बदलायची तरी कचेरीत अर्ज. उन्हाळ्यात पर्यटक खिडकीला नाक लावून आत बघायचे. बेरिलने एकदा खिडकी उघडून एकाला विचारलं होतं, "आलाच आहात तर भांडी विसळून देता का?" तो बिचारा माफी मागत पळाला.

पण त्या घरावर तिचा जीव होता. फरशी घासताना ती घराशी बोलायची. एका वसंतात ती दुकानात आली आणि रंगांचं कार्ड घेऊन बसली.

"मॉरीन, हा बघ. लोण्यासारखा आहे की नाही?"

"दाराला? मिस लॅम्बर्नला चक्कर येईल."

"घर आमचं झाल्यावर लावायचा गं. आम्ही त्यासाठीच तर साठवतोय."

ते खरंच साठवत होते. बेरिल शाळेत जेवण रांधायची. आम्ही सगळे स्पेनला जायचो तेव्हा हे दोघे पावसात भिजणाऱ्या एखाद्या कॅरॅव्हॅनमध्ये आठवडा काढून यायचे, आणि मजा आली म्हणून सांगायचे. तेव्हा गावातल्या घरांना आजच्यासारखे भाव नव्हते. पोस्टमनने जुनं घर विकत घेणं ही वेड्यासारखी गोष्ट नव्हती. तिने त्या रंगाचा डबा त्याच दिवशी नेला आणि जिन्याखाली ठेवून दिला.

राहिलं होतं फक्त मिस लॅम्बर्नला विचारणं.

मिस लॅम्बर्न भाडं हातात घ्यायची, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, तिच्या स्वयंपाकघरात. पाकीट टेबलावर ठेवायचं, त्याच्याकडे दोघांनीही बघायचं नाही, मग चहा आणि शहाजिऱ्याचा केक. बोलणं हवेचं, गुलाबांवरच्या किडीचं आणि चर्चच्या गळक्या छपराचं. नेव्हिलला शहाजिऱ्याचा वास सहन व्हायचा नाही. तरी तो दर वेळी दोन तुकडे खायचा आणि परत येताना माझ्याकडून पेपरमिंटच्या गोळ्या घ्यायचा.

"विचारलंस?" मी म्हणायची.

"आज तिचा गुडघा दुखत होता."

पुढच्या महिन्यात विचारलं तर म्हणे, आज तिचा भाऊ आला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात, आज ती फारच आनंदात होती, उगीच कशाला विरजण घालायचं. एकदा मी चिडलेच तेव्हा त्याने खरं सांगितलं. "मॉरीन, ती एकटी बाई आहे, वय झालंय. तिला 'घर विकता का' विचारणं म्हणजे 'तुम्ही कधी जाणार' असं विचारण्यासारखं आहे. आणि समजा तिला विकायचं नसेल, तर नाही म्हणताना तिला किती अवघड वाटेल."

"तिच्या अवघडलेपणाची काळजी तू कशाला करतोस?"

"शेजारधर्म आहे," तो म्हणाला, आणि गोळ्यांचे पैसे मोजून ठेवून गेला.

मग बेरिलला कॅन्सर झाला. जिना अरुंद आणि गोल, तिला वरखाली करता येईना, म्हणून पलंग खालच्या खोलीत आणला. तिथून समोर दाराची आतली बाजू दिसायची. मी संध्याकाळी दुकान बंद करून सूप घेऊन जायची. ती दाराकडे बघत पडलेली असायची.

"मी बरी झाले ना की याला नाही पाठवायची," एकदा ती मला म्हणाली. "मीच जाऊन विचारते. केकही नाही खाणार."

नेव्हिल पायाशी बसून तिचे मोजे सारखे करत होता. तो हसला. ती त्या उन्हाळ्यात गेली. तिच्या अंत्यविधीला मिस लॅम्बर्न काठी टेकत आली, सगळ्यात मागच्या बाकावर बसली आणि कुणाशी न बोलता परत गेली. मला तेव्हा ती बाई दगडाची वाटली.

पुढच्या शरद ऋतूत एका शुक्रवारी नेव्हिल दुकानात आला तो गोळ्या न मागता नुसताच उभा राहिला. चेहरा पडलेला.

"मिस लॅम्बर्न आज घराचं बोलली," तो म्हणाला.

"स्वतःहून? काय म्हणाली?"

"चहा ओतता ओतता म्हणाली, 'मिस्टर पार्सलो, तुमच्या त्या घराचं पुढे काय करावं, मी विचार करतेय.'"

"मग? मग तू काय म्हणालास?"

"मला वाटलं, मी आता एकटा, तिला एखाद्या कुटुंबाला द्यायचं असेल. तिला संकोच नको म्हणून मी म्हटलं, 'तुमच्या सोयीनं काय ते करा, मिस लॅम्बर्न. माझी काहीच अडचण नाही.'"

मी हातातली खिळ्यांची पेटी काउंटरवर आदळली. "नेव्हिल, अरे तिने दार उघडून दिलं होतं तुला."

"छे. तुला तिचा सूर ऐकायला हवा होता. नंतर ती हवेबद्दल बोलायला लागली."

मिस लॅम्बर्न त्यानंतर तीन-चार वर्षं जगली. घराचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. केक मात्र दर पहिल्या शुक्रवारी होताच. एका जानेवारीत ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. सगळी मालमत्ता भावाच्या मुलांना मिळाली. त्यांतला थोरला, ज्युलियन, लंडनहून निस्तरायला आला.

तो नेव्हिलकडे आला त्या दिवशी मी तिथेच होते. स्वयंपाकघरात शिरताना त्याचंही कपाळ चौकटीवर आपटलं. नेव्हिलने ओला रुमाल दिला, चहा ठेवला. मुलगा वाईट नव्हता. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण जमेना.

"मिस्टर पार्सलो, घरं विकावी लागणार," तो म्हणाला. "वारशावरचा कर भरायचा आहे आणि आम्ही चौघे वाटेकरी. एजंटने भाव काढलाय." त्याने आकडा सांगितला. एवढ्यात पूर्वी आख्खी गल्ली आली असती. "तुम्हाला घ्यायचं असेल तर पहिला हक्क तुमचा."

"आभारी आहे," नेव्हिल म्हणाला. "ते काही मला झेपायचं नाही."

ज्युलियनने कप खाली ठेवला. "माझ्या एकट्याच्या हातात असतं तर... आत्याला हे घर तुम्हालाच द्यायचं होतं. परवडेल त्या किमतीत. कित्येक वर्षं ती वाट बघत होती, तुम्ही विचाराल म्हणून."

मीच म्हटलं, "मग तिने सांगितलं का नाही?"

"मीही तेच म्हणायचो. ती म्हणायची, भाडेकरूला 'घर घ्या' म्हणायचं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकल्यासारखं होतं. घ्यायचं नसलं तरी बिचारा नाही म्हणू शकणार नाही. शेवटी एकदा तिने विषय काढला म्हणे, पण तुम्ही म्हणालात, माझी काही अडचण नाही. तिला वाटलं, मिसेस पार्सलो गेल्यावर तुम्हाला या घरात राहायचं नसेल. तेव्हापासून तिने तुम्हाला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं." तो जरासा हसला. "पण दर पहिल्या शुक्रवारी केक करायची. शहाजिऱ्याचा वास तिला अजिबात आवडत नसे. पण तुम्हाला फार आवडतो ना."

नेव्हिल उठला. केटलीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून त्याने तिच्यात पाणी भरलं. मग म्हणाला, "आणखी एक कप घेणार का?"

ज्युलियन हो म्हणाला. त्याला नको होता, हे मला दिसत होतं.

घर लंडनच्या एका जोडप्याने घेतलं, शनिवार-रविवारसाठी. नेव्हिलला बायपासपलीकडे नव्या वसाहतीत वयस्कांसाठीचा फ्लॅट मिळाला. उबदार आहे, ओल नाही, कपाळ कुठे आपटत नाही. सामान हलवलं त्या दिवशी जिन्याखालून तो डबा निघाला. आतला रंग दगड झालेला.

"मी तुला दुसरा देते," मी म्हटलं. "आज रात्री रंगवून टाक ते दार. काय करतील? फाशी देतील?"

"आता ते त्यांचं दार आहे, मॉरीन. त्यांना विचारायला हवं."

आणि त्याने विचारलं. मी गल्लीतच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. नवी मालकीण किल्ली घ्यायला गाडीतून उतरली. नेव्हिलने टोपी काढली आणि म्हणाला, "एक विचारायचं होतं. माझ्या बायकोची फार इच्छा होती की हे दार पिवळं असावं. लोण्यासारखं. तुम्ही कधी रंग काढलात तर..." एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"किती गोड कल्पना आहे," ती म्हणाली. "आम्ही नक्की विचार करू."

आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. नेव्हिलला तो कळला, कारण त्याने तिचे दोनदा आभार मानले.

दार आता राखाडी आहे. दाराशेजारी भिंतीत आकडे जुळवून उघडायची किल्लीची पेटी बसवलीय, आणि सोमवार ते शुक्रवार खिडक्यांत दिवा नसतो. नेव्हिल अजूनही पहिल्या शुक्रवारी गावात येतो. कशाला, ते मी विचारत नाही. आम्ही नदीपर्यंत चालत जातो. मागच्या वेळी तो त्या दारापाशी थांबला, चष्मा लावून त्याने चौकटीचे कोपरे बघितले.

"काम नीट केलंय," तो म्हणाला. "कुठे ओघळ नाही."

मला रडू आवरेना. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आज वारा जरा जास्त आहे नाही, असं म्हणाला.