तहानेल्या कालवडीची लाल लघवी

“विष हाय का न्हाई, तेवढंच सांगा म्याडम. पुढचं आमी बघतो,” शिवलिंगप्पा म्हणाले.

मी त्यांच्या गोठ्यात गुडघे टेकून बसले होते. समोर त्यांची देवणी जातीची कालवड, पाच-सहा महिन्यांची. मान टाकलेली, पोट फुगलेलं, अंगाला थरथर. लघवी बिनदुधाच्या चहासारखी, लालसर काळी. मी भालकी तालुक्यात पशुवैद्य आहे. लाल लघवीचा फोन आला की बॅगेत काय घ्यायचं ते ठरलेलं असतं आणि डोक्यात कारणांची यादी तयार असते. पण या गोठ्यात निदान माझ्याआधीच होऊन बसलं होतं.

ते निदान असं. घरची वडीलधारी माणसं तीन-चार दिवस उदगीरला लग्नाला गेली होती. मागे शिवलिंगप्पांचा मुलगा आणि सून महादेवी. महादेवी सोलापूरची, शहरात वाढलेली. जनावरांचं सगळं तिच्याकडे. माणसं काल रात्री परतली आणि आज सकाळी कालवड लाल मुतली. म्हणजे महादेवीनेच काहीतरी खाऊ घातलं. सोलापूरला तिच्या भावाला फोन गेला होता, येऊन बहिणीला घेऊन जा म्हणून. तो निघालाही होता. महादेवी गोठ्याच्या दाराशी उभी होती, पायाजवळ कपड्यांची पिशवी.

“अण्णा, ती पलीकडची गाय बरी आहे का?” मी शिवलिंगप्पांना विचारलं.

“तेच तर म्हनायलोय! दोघी एकाच हौदावर प्याल्या. गाईला काय झालं न्हाई. मग हिलाच कामून? हिला निराळं काय तर घातलंय.”

मी यादी सुरू केली. गोचिडांचा ताप असेल तर थर्मामीटर चढतो. इथे तो नेहमीपेक्षा जरा खालीच होता. कानामागे, जांघेत गोचीड नाही. मग लघवी काचेच्या बाटलीत धरली आणि भिंतीवर ठेवली. लघवीच्या वाटेत रक्तस्राव असेल तर रक्ताच्या पेशी तळाला बसतात आणि वरचं निवळतं. ही बाटली वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल राहिली. म्हणजे तांबड्या पेशी शरीरातच फुटत होत्या आणि त्यांचा नुसता रंग बाहेर येत होता.

त्या कशाने फुटल्या, एवढंच शोधायचं राहिलं.

तेवढ्यात शिवलिंगप्पांच्या बायकोने, सगळ्यांच्या अव्वांनी, कालवडीचं तोंड वर करून बांबूचा नळा आत घातला.

“काय पाजताय अव्वा?”

“पानी. उन्हाळी लागलीय तिला. सकाळधरनं समदे पाजायलोत. पोटात थंडावा पडंल.”

“थांबवा. आता एक घोटसुद्धा नाही.”

“अगं बया! असल्या उन्हात मुक्या जनावराचं पानी तोडायलीस? कसली डॉक्टरीण म्हनावं!”

अव्वांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. मी महादेवीकडे वळले. “घरचे लग्नाला गेले तेव्हा पाण्याचं कसं होतं?”

ती आधी सासऱ्यांकडे बघत राहिली. मग भराभर बोलली. “बोअरची मोटार जळलेली. शेजारून घागरी आणत होते. गाय दुधाची, म्हणून तिला पोटभर. हिला खालचं उरेल तेवढं. काल संध्याकाळी ह्यांनी मोटार भालकीहून दुरुस्त करून आणली, हौद भरला. मला हिची कीव आली, दावं सोडलं. तोंड वर काढंना बघा. मला लई बरं वाटलं.”

कालवडीला पाणी बाधलं होतं. आम्ही याला वॉटर इन्टॉक्सिकेशन म्हणतो. निदान सापडलं, पण ते तसंच सांगितलं असतं तर सगळी बोटं पुन्हा महादेवीकडेच वळली असती. म्हणून आधी उपचार, मग बोलणं.

इस्माईलभाई, आमचे जुने कंपाउंडर, सलाईनचा संच जोडत होते. “म्याडम, ग्लुकोज लगाऊं?”

“नको. साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे नुसतं पाणी उरतं. जास्त मिठाची बाटली काढा. हळू सोडा.”

बाटली लागली. मी ओसरीवर आले. तिथे लोणच्याच्या कैऱ्या मीठ लावून पातेल्यात ठेवल्या होत्या.

“अव्वा, यात पाणी किती घातलंत?”

“लोनच्यात पानी कोन घालतंय? सुटलंय ते.”

“कुठून सुटलं?”

“कैरीतनं, आनि कुठनं! मीठ वडून घेतंय की.”

“मग हेच झालंय. रक्ताच्या पेशीला पातळ पडदा असतो. पाणी त्यातून सहज जातं-येतं, मिठाला तशी मोकळीक नसते. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी धावतं. कैरीला मीठ बाहेरून होतं, पाणी बाहेर आलं. कालवड फार तहानलेली होती, एका दमात ढोसून प्याली. रक्त पातळ झालं. पेशीच्या आतलं मीठ जास्त ठरलं, पाणी आत शिरलं, पेशी फुगून फुटल्या. मेंदूतल्या पेशीही फुगतात, म्हणून ती थरथरतेय. गाय तहानलेली नव्हती, बेतानं प्याली, म्हणून सुटली.”

शिवलिंगप्पांनी उपरणं झटकलं. “म्हंजे पानीच बाधलं. आनि पानी पाजलं कोनी?”

“काल हिने. सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी. पण जनावर आधी तहानलेलं राहिल्याशिवाय हे होत नाही. मोटार कधी जळली होती, अण्णा?”

अण्णा छपराकडे बघायला लागले. उत्तर अव्वांनी दिलं. “लग्नाला निघायच्या आधीच जळली व्हती. मी म्हनले, आधी मोटार बघा. तर ह्ये म्हनायलेत, मोटार कुठं पळून जायलीय का, आल्यावर बघू.”

“तू गप बस की!”

“व्हय, मीच गप बसते. सूनबी गप बसती. कालवड तेवढी मुतून सांगायलीय.”

इस्माईलभाई तोंड फिरवून हसले.

दुपारपर्यंत मी तिथेच थांबले. दर वेळची लघवी नव्या बाटलीत धरून भिंतीवर ओळीने मांडत गेले, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पहिली काळपट, मग तांबूस, मग फिकी. थरथर थांबली. कालवडीने कान उभे केले. थोड्या वेळाने धडपडत उठली आणि इस्माईलभाईंच्या लुंगीचं टोक चघळायला लागली.

पुढच्या सूचना मी मुद्दाम एकट्या महादेवीला दिल्या, पण सगळ्यांना ऐकू जातील अशा. लोट्याने मोजून पाणी, त्यात चिमूटभर मीठ, मध्ये वेळ सोडून पुन्हा थोडं. हौदावर सोडायचं नाही.

याच वेळी सोलापूरहून भाऊ येऊन पोचला. चप्पल न काढताच म्हणाला, “चल गं, घे पिशवी.”

“कुठं न्यायलाव तिला?” शिवलिंगप्पा उठून उभे राहिले. “कालवडीला पानी मोजून कोन पाजनार मग? म्याडमनी समदं तिलाच सांगितलंय.”

महादेवी जागची हलली नाही. “आधी अण्णांनी म्हणावं, मी काही घातलं नव्हतं.”

शिवलिंगप्पांनी घसा खाकरला. “न्हाई घातलं. मोटार मीच ठिवली तशी. झालं? आता पिशवी आत ने, आनि भावाला पाय धुवायला पानी दे.”

“मोजून देऊ का?” महादेवी म्हणाली. सगळ्यात मोठ्याने अव्वा हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी जाता जाता डोकावले. लघवी स्वच्छ होती आणि कालवड गाईला ढुशा मारत होती.

तेव्हापासून लाल लघवीचा फोन आला की मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारते. फार तहानलेलं वासरू हौदावर मोकळं सोडू नये. थोडं पाजावं, थांबावं, पुन्हा थोडं पाजावं. चाटायला मीठ ठेवावं. आणि मोटार जळली तर लग्नाला जायच्या आधी दुरुस्तीला टाकावी.