बायाक्काचा न थांबणारा माग

बायाक्का विजेच्या खांबावर आकडा टाकून माग चालवते, अशी बातमी वडगावात आमच्या गल्लीभर फिरली. बातमी खोटी होती. मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच सोडली होती. लाइनमन येऊन बघून गेला. वर तिच्याकडे चहा पिऊन, "आक्का, लई भारी जुगाड केलाय की," असंही म्हणाला. चहा प्याला तो, पण पित्त खवळलं माझं.

खरी गोष्ट अशी. बायाक्का साठीची, चौथी शिकलेली, माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. दोघंही एकाच व्यापाऱ्याला साड्या विणून देतो. करंट गेला की माग मध्येच थांबतो, आणि पुन्हा चालू करताना साडीवर आडवी रेघ उमटते. व्यापाऱ्याचं बोट नेमकं तिथंच जातं. दोन वर्षांपूर्वी तिची अशी एक साडी परत आली. मी असतो तर चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. हिनं पाटल्या मोडल्या, पत्र्यावर सहा सोलर पॅनल बसवले, आणि पुढच्या खोलीत इन्व्हर्टर नि चार बॅटऱ्या मांडल्या. पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणात गेल्या.

सोलरचा दुकानदार म्हणाला होता, याच्यानं माग ओढवणार नाही. हिनं युक्ती काढली. आधी मागाचं चाक हातानं फिरवायचं, मग बटण दाबायचं. एकच माग चालतो. दुसरा जोडला की इन्व्हर्टर बोंबलतो.

तेव्हापासून करंट गेला की सगळे माग गप्प, आम्ही सगळे कट्ट्यावर, आणि आतून एकट्या बायाक्काचं खटक-खटक. माझी बायको दिपाली कान देऊन ऐकते, मग माझ्याकडे बघते. बोलली असती तर परवडलं असतं.

परवा ट्रान्सफॉर्मर जळला. माझ्या मागावर कुणाच्या तरी लग्नाची साडी, हातभर विणायची राहिलेली. व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, "संध्याकाळी मिळाली न्हाय तर पुढचं सगळं काम बायाक्काला." दुपारपर्यंत मी कट्ट्यावर बसून सोलर कसं फसवं असतं ते लोकांना समजावत होतो. शेवटी दिपालीच म्हणाली, "जावा की. आक्का काय खात न्हाय तुम्हाला."

गेलो. "आक्का, भिंतीवरनं एक वायर टाकू काय? हातभर काम हाय."

"माझा बंद करावा लागंल, नागोजी."

"व्हय."

"मधीच बंद केला तर रेघ पडंल."

मी मान खाली घातली. ती रेघ पडावी असं दोन वर्षं मनातून वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

"बस तितं. पदर संपला की देते."

अर्धा तास तिचा सुरेख पदर उतरताना बघत बसलो. त्याहून मोठी शिक्षा नाही. मग तिनं माग बंद केला, वायर ओढली. मी घरी येऊन घाईनं बटण दाबलं, इन्व्हर्टर बोंबलला. ती आली, मला बाजूला सारून चाक फिरवलं, आणि माझा माग चालू झाला.

मला राहवेना. "आक्का, तुझा माग बंद बघून लई बरं वाटलं बघ."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "मलाबी. दोन वर्सं झाली, करंट गेला तरी सुट्टी न्हाय मला. तू वीण आता. मी कट्ट्यावर बसून तुझ्याबद्दल बोलून येते."