खांद्यावरचा हात

सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. उभा जन्म रुग्णांच्या उशाशी काढलेली बाई, पण पोटच्या पोरापुढे तिचं काही चाललं नाही. घरात उरल्या दोघी, त्या आणि सून. सून फोटो स्टुडिओत कामाला होती.

पुढे सुनेसाठी स्थळ सिस्टरांनीच बघितलं. ती ऐकेचना.

“आई, तुमचं काय?”

“माझं काय व्हायचंय? तू काय जन्मभर मला गोळ्या देत बसणार?”

शेवटी ती तयार झाली.

लग्न तोंडावर आलं आणि एका दुपारी सिस्टर स्टुडिओत येऊन बसल्या. “मला ते फोटोचं काम शिकव. घरात वेळ जात नाही.”

सुनेने खुर्ची पुढे ओढली. माउस हातात आला तसा बाण पडद्यावर सैरावैरा पळायला लागला. “इंजेक्शन देताना हात कधी हलला नाही माझा,” सिस्टर वैतागल्या. सून बऱ्याच दिवसांनी हसली. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची. उजेड बेताने वाढवायचा. नको तो भाग चौकट ओढून कापायचा. सिस्टर रोज येऊ लागल्या.

एकदा सून गिऱ्हाइकाला पाकीट देऊन मागे वळली, तर पडद्यावर घरच्या बैठकीत लावलेला तिचा आणि गेलेल्या नवऱ्याचा फोटो. चौकट अर्धवट ओढलेली. ती बाहेर, तो आत.

“हे शिकायचं होतं होय?” तिने विचारलं. “मला सांगायचंत.”

“तुला कुठल्या तोंडाने सांगू, स्वतःला काप म्हणून?” सिस्टरांनी मान वर केली नाही. “हा फोटो भिंतीवर राहिला, तर मी रोज तुझी वाट बघेन गं.”

पण चौकट कशीही ओढली तरी अडत होती. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. सिस्टर माउस धरून नुसत्या बसून राहिल्या. मग सुनेनेच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्याच्या कोपरापाशी चौकट सोडली.

पहिली प्रिंट काळपट आली. “पडद्यावर दिसतं त्याहून कागदावर अंधार जास्त येतो,” सून म्हणाली आणि तिने उजेड थोडा वाढवला. मशीनमधून कागद हळूहळू सरकू लागला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. वॉर्डात कधी न रडलेल्या सिस्टर टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागल्या. सुनेने दुकानाचं दार लोटून घेतलं.

लग्नानंतर सून दुसऱ्या गावी गेली. जाताना तिने जुना फोटो मागितला. “तिथे कुठे लावशील?” सिस्टर म्हणाल्या. तिलाही ते पटलं.

आता तिचा फोन येतो, पूर्वीइतका नाही. “जेवलात का?” ती विचारते.

“आत्ताच उठले ताटावरून,” सिस्टर सांगतात आणि मग गॅस पेटवायला उठतात.