सतराव्या विधानाचे पाच गुण

विनिता अहिरे यांनी एकोणीस वर्षांत न तपासलेला आकडा एकदाही पुढे पाठवला नव्हता. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात त्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळत. कोपर स्टेशनजवळच्या घराचे कुलूप तीन-तीनदा ओढून पाहणाऱ्या या बाईंवर ऑफिसात विनोद होत. पण रजेची किंवा पगाराची तक्रार घेऊन माणसे येत, ती त्यांच्याच टेबलापाशी.

जानेवारीत कंपनीने नव्वद जणांना काढले. आधी कळवले कोणालाच नाही. सकाळी फाटकाशी कार्ड लावल्यावर दिवा हिरवा झाला नाही, तेव्हा ज्याचे त्याला समजले. बावीस वर्षे नोकरी झालेल्या महिपत शेलारांना टेबलावर राहिलेला चष्मा आणायलाही वर जाऊ दिले नाही. तो विनिताताईंनी खाली नेऊन दिला. त्याच दुपारी उरलेल्यांना ‘आपण एक कुटुंब’ या मथळ्याचे पत्र आले.

त्यानंतर माणसे तापातही कामावर येऊ लागली. टेबलांवरचे मुलाबाळांचे फोटो एकेक करून घरी गेले. उद्या पहारेकऱ्यासमोर ते पिशवीत कोंबण्याची पाळी कोणालाच नको होती.

मार्चमध्ये मुख्यालयातून सर्वेक्षण आले. बावीस विधाने, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. पाच म्हणजे पूर्ण सहमत. नाव गुप्त राहील, असे वर छापले होते. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असे कंपनीने काही केलेही नव्हते. गटप्रमुखांचे निरोप मोबाइलवर फिरले : ‘सगळीकडे पाच टाका. डोकं लावू नका.’ विनिताताईंनीही पाच टाकले. घरात पगार त्यांचा एकच होता आणि धाकट्या लेकीचे, दिशाचे, कॉलेजचे शेवटचे वर्ष चालू होते.

एक हजार बेचाळीस उत्तरे एकत्र करण्यासाठी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्या सतराव्या विधानाशी थबकल्या. ‘येत्या सहा महिन्यांत माझी नोकरी जाईल, अशी मला भीती वाटते.’ बाकीची सारी विधाने कंपनीची वाखाणणी करणारी. हे एवढेच उलटे. एक हजार अकरा जणांनी त्याला पाच गुण दिले होते.

शेजारच्या टेबलावरचे रवींद्र खानविलकर वाकून पाहू लागले. “अगं, वाट लागली. मीपण पाचच टाकलेत.”

“मीही.”

“म्हणजे चुकून का होईना, खरं बोललो आपण,” म्हणून ते हसले. मग आजूबाजूला पाहून त्यांनी हसणे आवरले.

विभागप्रमुख शौनक वैद्य वयाने विनिताताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने तक्ता पाहिला. “मॅडम, लोकांनी हे वाचलेलंच नाहीये. उलटं करून टाका, पाचाचा एक. प्रत्येक विधानात मनोबल ऐंशीच्या वर दिसलं तरच पुढच्या कपातीची यादी काढायला परवानगी मिळणार आहे.”

“न वाचता भरलं म्हणून सतरावं उलटं करायचं, तर उरलेली एकवीसही न वाचताच भरलीत. ती कशी धरायची?”

“आपल्याला पीएचडी नाही करायची. तपासल्याची तुमची सही लागते, बस.”

“आकडे आले तसे जात असतील तर सही आहे.”

“बाहेर मार्केट काय चाललंय माहितीये ना? आणि या वयात?”

विनिताताईंचे कान तापले. भीतीपोटी भरलेल्या कागदाला समाधान म्हणायचे, आणि त्या समाधानाच्या बळावर आणखी माणसे घरी पाठवायची. वर त्यावर सही हवी, तीही घाबरलेल्यांतल्याच एकीची. जागेवर येऊन त्यांनी तक्त्याखाली लिहिले : ‘सतराव्या विधानाचे गुण आले तसेच दिले आहेत. उत्तरे न वाचता भरल्याचा संशय असल्यास सर्व बावीस विधाने बाद धरावीत.’ खाली सही केली आणि अहवाल मुख्यालयाला पाठवला.

शुक्रवारच्या सभेत पडद्यावर ‘मनोबल ९६ टक्के’ झळकले. पडद्यावर विधाने एकवीसच होती. टाळ्या झाल्या, वाजवणारे एकमेकांकडे पाहत नव्हते.

सोमवारी दुपारी जेवणाआधी शौनकने त्यांना खोलीत बोलावून तयार राजीनामा पुढे सरकवला. ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने.’ त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“फॉरमॅट आहे, मॅडम. सगळे यावरच सही करतात.”

“मला काढायचं असेल तर कंपनीनं तसं लिहून द्यावं. कारणासकट.”

“मग रेकॉर्डवर तसंच येईल. त्रास तुम्हालाच होणार.”

“घडलं ते येईल. येऊ द्या.”

शौनक फोन करायला बाहेर गेला, आला, पुन्हा गेला. मधल्या वेळात रवींद्र काचेचे दार ढकलून आत आले, पाण्याची बाटली ठेवून गेले. विनिताताई खुर्चीवरून हलल्या नाहीत. पावणेपाचला पत्र आले : ‘आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.’

त्यावर आधीच्या बुधवारची तारीख होती, म्हणजे अहवाल पाठवण्याच्या आदल्या दिवसाची. ती त्यांनी दुरुस्त करायला लावली, नवी प्रत शेवटपर्यंत वाचली आणि मगच उठल्या.