गच्चीवरचे गहू

थेरगावात आमच्या मजल्यावर राहणारी दीक्षा हवा मोजते. तिच्या प्रयोगशाळेनं आमच्या गच्चीवर हवेतला पारा मोजणारं यंत्र बसवलंय. वारा, ऊन, आसपासचे कारखाने बघून किती पारा असायला हवा, ते संगणक सांगतो. दोन्ही आकडे ताडून बघणं ही तिची नोकरी. वडील, भीमराज, चाकणला प्रेस मशिनवर उभे राहून निवृत्त झाले. लेक बसून काम करते याचं त्यांना फार कौतुक.

यंदा एप्रिलात यंत्र संगणकाच्या तिप्पट पारा दाखवू लागलं. वरिष्ठ म्हणाले, जवळपास नोंदीत नसलेलं काहीतरी आहे. जवळपास म्हणजे नवनाथची शेड. तो जुन्या ट्यूबलाइट फोडतो आणि त्यांत पारा असतो. अहवालात नाव गेलं की शेडला कुलूप. दीक्षाला सायकल शिकवली ती यानंच. तिनं अहवाल लांबवला. सोसायटीतल्या शहाण्यांनी तर निकालही देऊन टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

नवनाथ पडल्या चेहऱ्यानं गावच्या जत्रेला गेला. शेड आठवडाभर बंद, तरी आकडा तिप्पटच. तेव्हा दीक्षा भर दुपारी गच्चीवर गेली. तिथं तिच्या आई, सरूबाई, यंत्राला अगदी खेटून वर्षाचे गहू पसरून बसल्या होत्या. कीड लागू नये म्हणून दुकानदारानं दिलेल्या पाऱ्याच्या टिकड्या गव्हात घातलेल्या, आणि त्यांच्यासकट रोज ऊन दाखवणं चाललेलं.

"इथंच कशाला गं, आई?"

"मशिनीच्या आवाजानं कबुतरं येत न्हाईत."

दीक्षा तिथंच बसली. आधी हसली, मग रडली. जीव भांड्यात पडला होता. घरात अजून जुनेच गहू चालू होते, त्यामुळे हे कुणाच्या पोटात गेले नव्हते. ते सीलबंद करून प्रयोगशाळेत गेले आणि चारेक दिवसांत दोन्ही आकडे जुळले. अहवालात कारणापुढं तिनं सरळ लिहिलं, माझ्या घरचे गहू.

सरूबाईंनी नवे गहू आणले. नवनाथ गावाहून कडुनिंबाचा पाला पोतंभर घेऊन आला आणि त्यांच्या दारात ठेवून म्हणाला, "काकू, आता हे घाला. आणि वाळवायला माझ्या शेडचं छप्पर हाय."

दीक्षा आतून म्हणाली, "छपरावर नको रे, दादा. तू शेड तेवढी चालू ठेव."