वाफ्यात बसलेला चित्रकार

फाटक रंगवायला आलेल्या माणसानं सकाळी टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मला निरगुडसरचा आमचा कांद्याचा मळा आठवला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन.

पुण्याहून आलेला एक चित्रकार न विचारता आमच्या शेवटच्या वाफ्यात, रोपांवरच स्टूल टाकून बसला होता. थंडीतलं कोवळं ऊन होतं, मागे निळसर डोंगर. आईनं आणि मी उजाडल्यापासून लावलेली रोपं पाण्यावाचून माना टाकत होती. लाईट आली, मोटार सुरू झाली. आईनं पाटाचं पाणी वळवायला खोरं उचललं, तसा तो ओरडला, "बाई, जरा थांबा. माती भिजली की रंग बदलतो."

"लाईट थांबती का तुमच्यासाठी? रोपं सुकली तर चित्र खायाचं का आमी?"

त्यानं समजूत काढायला चित्र दाखवलं. तपकिरी फटकारे आणि मधे एक लाल ठिपका.

"ह्या तुम्ही."

"मला त्वांड न्हाई व्हय?"

"जवळून नाही कळायचं. लांब जाऊन बघा."

आईनं पाणी सोडलं. ते थेट त्याच्या बुटांत आणि रंगांच्या पेटीत शिरलं.

तसली चित्रं मी पुढे बऱ्याच घरांत पाहिली. लांबून ती खरंच छान दिसतात. तरी त्या चित्रकारावरचा माझा राग काही गेलेला नाही. ओले बूट हातात धरून तो रस्त्याला लागला, तेव्हा आई मागून ओरडली, "आता बघा तिथनं!"